सामाईक फोनपेटी

साहेबांच्या सासूबाई गेल्या म्हणून आम्ही ऑफिसातली मंडळी त्यांना भेटायला गेलो होतो. साहेब उतरलेल्या चेहऱ्यानं सगळी हकिगत सांगत होते. सासूबाई आदल्या रात्री व्यवस्थित जेवल्या, सकाळी उठून चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. पण मान खाली जाता जाता माझा उजवा हात वर गेला आणि मी साहेबांपुढे अंगठा उभा केला. चांगला ताठ, खोलीतल्या प्रत्येकाला दिसेल असा.

माझ्या मनात काही वाईट नव्हतं. दिवसभरात मी इतक्या लोकांच्या इतक्या बातम्यांना अंगठा देत असतो, की समोरचा बोलायचा थांबला की हात आपला आपण उठतो. वाचलं, पोहोचलं, पुढे चला, एवढाच त्याचा अर्थ. साहेबांना तो अर्थ लागला नसावा. त्यांच्या मिसेस उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. परत येताना लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही, आणि लिफ्टमध्ये रेंजही नव्हती, त्यामुळे माझे फार हाल झाले.

घरी येऊन मी हा प्रसंग हिला सांगितला. चारचौघांत अपमान झाला की माणूस सहानुभूतीसाठी बायकोकडे येतो. ही हसेल, निदान 'जाऊ द्या' म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"इतर बायकांच्या नवऱ्यांच्या तोंडाला निदान वास तरी येतो," ती म्हणाली. "लोकांना आपोआप कळतं. तुमचं मी कोणाला आणि काय सांगू?"

"अगं, मी काय व्यसनी आहे का?"

"मी न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा तुम्ही आधी काय केलंत?"

"फोटो काढला. डॉक्टरांना दाखवायला."

"आणि ग्रुपवर कशाला टाकलात?"

"ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर आहेत म्हणून."

"ते दातांचे आहेत!"

तेवढ्यात कॉलेजात जाणारी आमची लेक आली आणि तिनं पुराव्यात भर घातली. मी म्हणे आरशासमोर केस विंचरताना मान तिरकी करून, हसून, तसाच थांबून राहतो, कोणीतरी फोटो काढणार असल्यासारखा. मी म्हणे दुपारी झोपेत आईच्या दंडावर अंगठा वर सरकवत असतो. "आणि बाबा, तू ऑनलाइन असतोस ना, तेव्हा किती छान बोलतोस," ती म्हणाली. "सगळ्यांची चौकशी करतोस. मला तर वाटतं, तुझ्याशी ओळख करून घ्यावी."

ही मात्र हसली नाही. तिनं भांडण काढलं असतं तर मला सोयीचं गेलं असतं; भांडणात मी पटाईत आहे. ती शांतपणे म्हणाली, "एक अख्खी संध्याकाळ. फक्त एक. हातात काही न घेता माझ्यासमोर बसून दाखवा. मग मी या विषयावर पुन्हा अवाक्षर काढणार नाही."

एक संध्याकाळ म्हणजे काय मोठंसं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. मी त्याच संध्याकाळी बसलो. थोड्या वेळानं पाणी प्यायला उठलो आणि भानावर आलो तेव्हा मी फ्रिजला टेकून उभा होतो, पाणी तसंच राहिलं होतं, आणि कुठल्या तरी अनोळखी माणसानं आपल्या मांजराला घातलेला स्वेटर मी चौथ्यांदा पाहत होतो. दुसऱ्या दिवशी फोन माळ्यावर ठेवला. माळ्यावर चढायला शिडी लागते आणि शिडीचा आवाज होतो, एवढंच त्यातून निष्पन्न झालं.

मग सल्ले सुरू झाले. माझी ही अडचण बिल्डिंगमध्ये कोणी पसरवली ते मी विचारलं नाही. बहुधा मीच ग्रुपवर टाकली असावी. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांनी अंगठ्याला पट्टी बांधायला सांगितली. मी बांधली. ऑफिसात साहेबांनी माझ्या बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं, त्यांना पहिल्यांदाच थोडं समाधान मिळालं. दोन दिवसांत मी तर्जनीनं काम चालवायला शिकलो आणि हेडबाईंचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

शेवटी मीच उपाय काढला. दाराजवळ एक लाकडी पेटी लावायची, तिला कुलूप घालायचं आणि फोन आत ठेवायचा. माणसाचं मन कमकुवत असेल, लाकूड तर नसतं. साधं अर्ध्या दिवसाचं काम.

ज्या मिस्त्रीला मी बोलावलं तो कामात चोख होता, पण त्याला रंधा मारतानाचे व्हिडिओ करायची सवय होती. लाकडाची सालपटं निघतानाचा आवाज लोकांना फार आवडतो म्हणे. त्यामुळे तो एकदा रंधा मारायचा, मग पाहायचा, प्रकाश नीट नाही म्हणून फळी खिडकीशी न्यायचा आणि पुन्हा मारायचा. माझं अर्ध्या दिवसाचं काम दुसऱ्या आठवड्यात गेलं. मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्यानं मला त्याचे फॉलोअर दाखवले. मी आवाज उतरवला. इतकी वर्षं इमानेइतबारे पोस्ट टाकून मला जे जमलं नाही ते या माणसानं नुसत्या भुशावर मिळवलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पेटी तयार झाल्यावर मिस्त्री म्हणाला, घरातल्या भिंतीत वायरी आहेत, इथे ड्रिल चालणार नाही. बाहेर पॅसेजच्या भिंतीवर लावू. पॅसेजची भिंत म्हणजे बिल्डिंगची भिंत, आणि बिल्डिंगची भिंत म्हणजे सेक्रेटरी.

आमचे सेक्रेटरी एरवी सज्जन गृहस्थ आहेत. फक्त नियम निघाला की त्यांचे डोळे वेगळे दिसतात. त्यांनी पेटीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सामाईक भिंतीवर खाजगी पेटी लावता येत नाही."

"मग काय करू?"

"पेटी सामाईक करा."

मला वाटलं ते गंमत करत आहेत. त्यांनी त्याच दिवशी ग्रुपवर मतदान घेतलं. पेटी सर्व रहिवाशांना खुली असावी काय? सगळ्यांनी होकार दिला, कारण ग्रुपवर होकार द्यायला पैसे पडत नाहीत. एका गृहस्थानं 'अभिनंदन' लिहिलं, त्यामुळे पुढच्या सगळ्यांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मिस्त्रीनं पेटी पुन्हा उघडली, मोठी केली, प्रत्येक घरासाठी एक खण केला आणि हवा खेळती राहावी म्हणून समोर जाळीसारखी भोकं पाडली. फोनला हवा कशाला लागते, हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. भोकं पाडतानाचा व्हिडिओ मात्र खूप चालला.

उद्घाटन रविवारी ठरलं. दुपारच्या चहाला फोन पेटीत जाणार आणि दिवे लागले की बाहेर येणार. सगळ्या बिल्डिंगनं माझ्या एका व्यसनासाठी सहभागी व्हावं, हा चांगुलपणा म्हणावा की चौकशी, मला ठरवता आलं नाही. तळमजल्याच्या काकू तेवढ्या घुटमळत होत्या. काकू एकट्या राहतात. त्यांचा मुलगा गाडीनं तासाभरावर असतो आणि दर रविवारी दिवे लागले की व्हिडिओ कॉल करतो. पूर्वी तो येत असे. व्हिडिओ कॉल करता यायला लागल्यापासून यायची गरज उरली नाही.

"माझा फोन यायच्या आत उघडाल ना?" काकूंनी मला विचारलं.

"काकू, कुलूप माझं आहे," मी म्हणालो. "तुम्ही बिनघोर राहा."

कुलूप आकड्यांचं होतं. चार चकत्या फिरवून आपल्याला हवा तो आकडा लावायचा. माझी जन्मतारीख लावली असती तर लेकीनं ओळखली असती, लग्नाची लावली असती तर हिनं, आणि मी स्वतः तर दोन्ही ओळखून पेटी उघडली असती. म्हणून मी डोळे मिटून चकत्या फिरवल्या आणि जो आला तो आकडा पक्का केला. मग तो लक्षात राहावा म्हणून फोनवर कुलपाचा फोटो काढला. मग सगळ्यांच्या टाळ्यांच्या गजरात तो फोन पेटीत ठेवला, कुलूप दाबलं आणि चकत्या भराभर फिरवून टाकल्या.

वाचकांना जे आत्ता कळलं ते मला कळायला दिवे लागावे लागले.

मधला वेळ तसा मजेत गेला. सेक्रेटरी तेवढे बेचैन होते. "फोटो नाही काढला तर उद्घाटन झालं हे कळणार कसं?" असं ते प्रत्येकाला विचारत होते. मी हिच्यासमोर बसलो. हातात काही नव्हतं. हात कुठे ठेवायचे हाच प्रश्न पडला. आधी गुडघ्यांवर ठेवले, मग घडी घातली, मग टेबलावरचं मीठ उचललं आणि हिनं नुसतं पाहिल्यावर खाली ठेवलं.

"बोला की," ती म्हणाली.

"तू सकाळी फिरायला जातेस ते बरं करतेस," मी म्हणालो. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून.

"मी पोहायला शिकतेय. दोन महिने झाले."

मी पाहतच राहिलो. पाण्याच्या टाकीत डोकावायला घाबरणारी माझी बायको! "मला सांगितलं नाहीस?"

"फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला होता. टोपी घातलेला. तुम्ही अंगठा दिलात."

मला खरोखर लाज वाटली. मग मी तिला पोहण्याबद्दल विचारत बसलो. आधी नाकात पाणी जायचं, आता एका दमात पलीकडे जाते, मास्तर ओरडतो पण जीव लावून शिकवतो, असं ती सांगत होती. हातवारे करून तिनं मला श्वास कसा घ्यायचा तेही दाखवलं. तिला इतकं भरभरून बोलताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि इतका वेळ मला पेटीची आठवण झाली नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर कोणी त्यावर विश्वास ठेवला नाही.

दिवे लागले. मंडळी पॅसेजमध्ये जमली. मी ऐटीत पुढे झालो, कुलूप हातात घेतलं आणि थांबलो.

"काय झालं?" सेक्रेटरी.

"आकडा फोनमध्ये आहे."

"मग फोनमध्ये बघा."

"फोन पेटीत आहे."

मग सगळे एकदम बोलायला लागले. लेकीनं चकत्या फिरवून पाहिल्या. हेडबाई म्हणाल्या, आठवायचा प्रयत्न करा. मी डोळे मिटले तर मांजराचा स्वेटर आठवला. मिस्त्रीला बोलवावं, तर त्याचा नंबर पेटीत आणि तो राहतो कुठे हे कोणालाच माहीत नाही, त्याचे फक्त व्हिडिओ माहीत. किल्लीवाल्याचंही तेच. कोणीतरी हातोडी आणली. सेक्रेटरी पेटीला पाठ लावून उभे राहिले.

"सामाईक मालमत्ता आहे. फोडायची तर सभा घ्यावी लागेल. सभेची सूचना ग्रुपवर द्यावी लागेल."

"ग्रुप पेटीत आहे हो!" दातांचे डॉक्टर ओरडले.

इतक्यात पेटी वाजली. काकूंनी आवाज ओळखला आणि त्या गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी पदर सावरला, पेटीच्या भोकांना तोंड लावलं आणि म्हणाल्या, "अरे, मी बरी आहे रे. जेवून घे तू." फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. काकू आमच्याकडे वळल्या. "तो घाबरेल," त्या म्हणाल्या. "मी रविवारी फोन घेतला नाही असं कधी झालंच नाही."

आणि तो घाबरला. आधी सेक्रेटरींचा खण वाजला. मग माझा वाजला; माझ्या फोनमध्ये पाखरांचा किलबिलाट लावलेला आहे, तो त्या वेळी फार निर्लज्ज वाटला. मग डॉक्टरांचा, मग हेडबाईंचा. मुलानं आईसाठी बिल्डिंगमधले जेवढे नंबर ठेवले होते तेवढे सगळे एकेक करून त्या पेटीत वाजले, आणि आम्ही सगळे कान देऊन आपापला ओळखत उभे राहिलो. ज्यांचा वाजला नाही ते जरा हिरमुसले.

मग पेटी गप्प झाली. बाहेर कोणाचा फोन मागून आणावा, तर काकूंच्या मुलाचा नंबर कोणालाच पाठ नव्हता. काय करणार? ज्याच्या त्याच्या घरून खुर्च्या आल्या. हिनं सगळ्यांसाठी चहा टाकला आणि काकूंना कामात गुंतवावं म्हणून मदतीला आत नेलं. मी काकूंना 'बिनघोर राहा' म्हणालो होतो. हिनं मागितलेली संध्याकाळ मी पार पाडत आणली होती आणि त्या एका संध्याकाळसाठी एका आईला आणि मुलाला असं ताटकळत ठेवलं होतं. आत जाऊन हिच्याकडे पाहायचं मला धाडस होईना.

असे बसलो असताना जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज आला. काकूंचा मुलगा वर आला. तळमजल्याचं दार बंद पाहून तो तसाच जिना चढला होता. वर त्याला काय दिसलं? अख्खी बिल्डिंग एका ठिकाणी, खुर्च्यांवर, खाली माना घालून बसलेली, आणि कोणाच्याही हातात फोन नाही. असं दृश्य माणसानं एकाच प्रसंगी पाहिलेलं असतं. तो जागच्या जागी पांढरा पडला.

"आई?" एवढंच तो म्हणाला.

आमच्या दारातून काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

"अरे, केवढा सुटलायस!" त्या म्हणाल्या. "फोनवर नुसता चेहरा दिसतो तुझा. पोट दिसतच नाही!"

हिनं त्यांच्या हातातला ट्रे वेळेवर घेतला म्हणून कप वाचले. मुलगा आईला बिलगून हसत होता की रडत होता, ते त्याचं त्यालाही कळत नसावं. हेडबाईंनी डोळे पुसले. डॉक्टरांनी मुलाच्या हाताकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्याच्याकडे फोन आहे."

बघता बघता सगळे त्याच्याभोवती जमले. कोणाला फक्त एक मिनिट हवा होता, कोणाला अर्धा. सेक्रेटरींना फोटो काढून हवा होता. मुलाला झाला प्रकार समजावून सांगायला बराच वेळ गेला, कारण सगळे एकदम सांगत होते. ऐकून झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

"पण काका, आकडा तर तुमच्या स्टेटसवर आहे."

"कुठे?"

"दुपारी पाहिला मी. कुलपाचा फोटो. खाली लिहिलंय, 'आजपासून फोनला सुट्टी'."

मला शपथेवर विचारा, मी ते टाकल्याचं मला आठवत नव्हतं. मी फोटो काढला एवढं खरं; पुढचं माझ्या अंगठ्यानं परस्पर केलं होतं. आकडा स्वच्छ दिसत होता. पुरेशा लोकांनी तो पाहिलाही होता. साऱ्या जगाला आमच्या पेटीचा आकडा ठाऊक होता, फक्त पेटीसमोर बसलेल्यांना नव्हता. लेकीनं चकत्या जुळवल्या आणि कुलूप उघडलं.

ही माझ्याकडे पाहत होती. "फोन सोडतोय हे लोकांना कळवून मग सोडलात होय?" ती म्हणाली. मी खाली पाहिलं. मंडळींनी आपापले फोन घेतले आणि मान खाली घालून आपापल्या घरी गेली. खुर्च्या मागे राहिल्या त्या आम्हीच आत नेल्या.

आम्ही जेवायला बसलो. मी हरलो होतो आणि तेही सगळ्या बिल्डिंगसमोर. फोन समोर टेबलावर पडला होता, पण त्याच्याकडे पाहायचीही इच्छा नव्हती. एवढ्यात बेल वाजली. दारात काकू उभ्या होत्या.

"एखादी जास्तीची उशी आहे का ग?" त्यांनी हिला विचारलं. "तो आज राहतोय. उद्या इथूनच कामावर जाईन म्हणतो. पोटभर जेवला. कपाटाचं दार कधीचं अडत होतं, तेही बसवलं त्यानं."

ही उशी आणायला आत गेली. मी तेवढ्यात माफी मागून घ्यावी म्हणून पुढे झालो. "काकू, तुम्हाला फार त्रास झाला. माझ्यामुळे..."

काकूंनी मागे जिन्याकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि जवळ आल्या.

"पुढच्या रविवारी पण विसराल का हो आकडा?" त्या म्हणाल्या.

मागून ही उशी घेऊन आली. तिनं ऐकलं होतं.

"यांच्या भरवशावर राहू नका काकू," ती म्हणाली. "या वेळी आकडा मी लावते."